सात नंबरचं हँडल

नगरच्या एमआयडीसीत आमचा कारखाना आहे. बाहेर धड पाटीसुद्धा नाही, पण इथल्या चामड्याच्या पिशव्या परदेशातल्या बायका म्हणे काचेच्या कपाटात ठेवतात. पिशवी म्हटलेलं साहेबांना खपत नाही, बॅग म्हणायचं. बॅगेवर नाव परदेशी कंपनीचं. शिवणाऱ्याचा फक्त नंबर, तोही फ्लॅपच्या आत, कुणाला दिसू नये असा. सात नंबर भामामावशींचा.

मावशी तिसगावच्या. त्यांच्या सासऱ्यांनी दीक्षा घेतली तेव्हा मेलेली गुरं ओढणं कायमचं सोडलं होतं. त्या घरची सून चामडं घेऊन बसते म्हणून भावकीत कुजबुज झाली. मावशींनी एकदाच उत्तर दिलं, त्यांना गाव जुंपायचं, मी माझ्या मर्जीनं बसते.

नऊ वर्षांपूर्वी त्यांनीच मला दोन सुयांची शिलाई शिकवली. एकाच भोकातून दोन्ही बाजूंनी एकेक सुई घालायची, पण दुसरी सुई पहिल्या दोऱ्याला टोचता कामा नये. टोचली तर वरून सहसा दिसत नाही, पुढे कधीतरी तो टाका दगा देतो. शिवताना ते फक्त बोटांना कळतं. अशी बॅग तपासणीत सापडली, की ज्याचा नंबर त्यानंच ती रापीनं कापायची, हा इथला नियम. मावशी माझा टाका बघायच्या, "हं" म्हणायच्या आणि पुढचं काम हातात द्यायच्या. शाबासकी म्हणून कधी दिली नाही.

पुढे मला तपासणीच्या टेबलावर बसवलं. त्या दिवशी मावशी जवळ आल्या.

"शुगर हाय मला. एक दिस बोटं मरतील अन् मला कळायचं न्हाई. तवा तू सांगायचं. दुसऱ्या कुनी न्हाई."

मी हो म्हटलं. हो म्हणायला काय जातं?

यंदा उन्हाळ्यात त्यांच्या एका हँडलमध्ये तीन टाके टोचलेले सापडले. मी भिंग खाली ठेवून समोर पाहिलं. मावशी मेणाचा दोरा ओढत होत्या, चष्मा नाकावर घसरलेला, तोंडावर समाधान. नवरा गेल्यापासून ते समाधान फक्त त्या टेबलावर दिसायचं. माझ्याच्यानं सांगवेना. जेवणाच्या सुट्टीत मी ती शिलाई उसवली आणि स्वतः शिवली. चार महिने हेच चाललं. मला वाटायचं, मी पुण्य करतेय. अक्कल गहाण टाकली होती मी.

परवा मावशी माझ्या टेबलाशी आल्या. पाठवायच्या बॅगांमधली सात नंबरची उचलली आणि हँडलवरून बोट फिरवलं. मग दुसरं बोट. मग त्यांनी हँडल ओठांशी नेलं आणि तान्ह्या लेकराचा ताप बघावा तसं टाक्यांवरून हळूहळू ओठ फिरवले. ओठांना अजून कळत होतं.

"ही माजी शिलाई न्हाई," त्या म्हणाल्या. "किती दिस झालं?"

खोटं बोलायला तोंड उघडलं, पण बाहेर आलं ते "चार महिने".

त्या रागावल्या असत्या तर बरं झालं असतं. त्या माझ्या स्टुलावर बसल्या आणि आपल्या बोटांकडे बघत राहिल्या.

"माजा शेवटचा खरा टाका कोनता, ते आता मला कदी कळायचं न्हाई," त्या म्हणाल्या.

मग त्यांनी रापी मागितली. ह्या बॅगेत काही खोट नाही, असं मी परोपरीनं सांगितलं.

"ठावं हाय. टाका चांगला हाय तुजा. माज्यापरीस सरळ. पन आत नंबर माजा हाय."

नऊ वर्षं मी ह्याच शब्दांसाठी झुरले होते. ते असे मिळाले.

त्यांनी फ्लॅप उलटला, डाव्या हातानं घट्ट धरला आणि सात नंबरवरून रापी ओढली. काप नेहमीसारखाच सरळ गेला. चामड्याखाली धरलेल्या बोटातून रक्त आलं आणि टेबलावर टपटपू लागलं. मावशी बॅगेकडेच बघत होत्या. त्यांना काहीच कळलं नव्हतं.

"मावशी, बोट कापलंय तुमचं," मी म्हटलं. ह्या वेळी सांगितलं.