बंद दाराचा अर्धा तास

पनवेलच्या जुन्या वस्तीतल्या त्या व्यायामोपचाराच्या खोलीत सुनीता सतरंजीवर उताणी पडली होती. शेजारी खुर्चीत तिचा नवरा सत्यजीत, आणि पायाशी व्यायाम शिकवणाऱ्या अनुयाताई. ‘करून दाखवा,’ एवढेच त्या म्हणाल्या होत्या. सुनीताने गुडघे दुमडून कंबर उचलली, आणि दुसऱ्याच क्षणी कळवळून ती खाली आली.

“सहा आठवडे रोज केलेत ना?” अनुयाताईंनी विचारले.

“अगदी नेमाने,” उत्तर सत्यजीतने दिले. “विचारलं की म्हणते, झाले.”

“तुम्ही पाहिलंत?”

“मी सातला ऑफिसची बस गाठतो हो. हिच्या कमरेवर पहारा ठेवू?”

अनुयाताई हसल्या नाहीत. “मग व्यायामाने गुण नाही, असं लिहून देते. ऑपरेशनचं डॉक्टर ठरवतील.”

दोन वर्षे ती कळ सुनीताच्या कमरेत मुक्कामाला होती. पहाटे आधी कळ जागी होई आणि मग सुनीता. पण पाठीला सुरी लावायची, तीही न केलेल्या व्यायामापायी?

“मी केलेच नाहीत,” ती छताकडे पाहत म्हणाली. “एक दिवससुद्धा नाही.”

“म्हणजे इतके दिवस थापा मारत होतीस?” सत्यजीत उसळला.

“करू कुठे? स्वयंपाकघरात आडवी झाले तर पाय बाहेरच्या खोलीत येतात. तिथे तुमचे अण्णा दिवसभर पेपर घेऊन बसलेले. सासऱ्यांसमोर सुनेनं उताणं पडून कंबर उचलायची? पहिल्या दिवशी सतरंजी पसरली, तर ते नुसते खाकरले. मी गुंडाळून ठेवली.”

अनुयाताईंनी हातातला कागद बाजूला सारला. “आणखी सहा आठवडे थांबू. पण आता खरोखर, आणि रोज.”

सुनीता कुशीवर वळली, हातावर भार देत कशीबशी उठून बसली.

“अहो, अण्णांना सांगाल? सकाळी अर्धा तास खाली कट्ट्यावर बसा म्हणून? अर्धाच तास. मी दार लावून घेईन.”

सत्यजीत भिंतीवरच्या मणक्यांच्या चित्राकडे पाहत राहिला. वडिलांना ‘जरा सरका’ म्हणण्याचे धाडसही त्याने आजवर केले नव्हते, हे तिला ठाऊक होते. तो उठला. उंबऱ्याशी वाकून त्याने चपला चढवल्या. किती सहज वाकला.

“सांगाल ना?”

त्याची पावले जिना उतरत गेली.