खडूची फुली

मिल बंद झाली, पण विनायकरावांचा खडू काही बंद झाला नाही. उभा जन्म त्यांनी मिलमध्ये कापडाची थानं, म्हणजे तागे, तपासली. थान उजेडात धरायचं आणि जिथे खोट दिसेल तिथे फुली मारायची. आता थानं नाहीत, म्हणून ते घर तपासायला लागले. करकरणाऱ्या दारावर फुली, गळक्या माठावर फुली. मल्हारगंजातल्या शेजाऱ्याची नवी स्कूटर बघायला गेले, तर तिच्या सीटवरही फुली मारून आले.

एके दिवशी त्यांच्या पत्नी सुलभाबाई नवी साडी नेसून समोर उभ्या राहिल्या. विनायकरावांनी पेपरातून मान वर केली, त्यांना नीट न्याहाळलं आणि मान परत पेपरात घातली. सुलभाबाई भडकल्या.

“अहो, जगातली खोट दिसते तुम्हाला! मला कधी एकदा तरी ‘छान’ म्हणालात?”

विनायकराव गोंधळलेच. “अगं, चांगल्या थानावर कोण खूण करतं? ते तर सीधा पास! तुझ्यावर कधी खडू उचलला का मी?”

सुलभाबाईंचा राग कुठच्या कुठे पळाला. गालातल्या गालात हसत त्या स्वयंपाकघरात गेल्या, आणि आमटीच्या पातेल्यावरची फुली बघून लाटणं घेऊनच बाहेर आल्या.