दीपमालाच्या नावानं फाशी

जालन्याच्या कोर्टानं प्रेमला फाशी सुनावली, तेव्हा पिंपळगाव रेणुकाईत फटाके वाजले. कुणीतरी मालनबाईच्या घरी पेढे आणून ठेवले. तिनं डबा उघडलाच नाही.

दहा वर्षांची दीपमाला तिची एकुलती एक लेक. शेजारच्या प्रेमला ती दादा म्हणायची. त्याला विहिरीवरची मोटार चोरताना तिनं पाहिलं. तिनं कुणाला सांगू नये म्हणून त्यानं तिचे हात बांधले आणि तिला विहिरीत ढकललं.

निकालानंतर प्रेमची आई उषाबाई आली. अंगणातच उभी राहिली.

"माफ कर म्हणत न्हाई, मालन. जन्मभर आत ठिवा त्याला. पण जित्ता राहू द्या. तू बोललीस तं कोर्ट ऐकंल."

"जाय इथून," मालनबाई म्हणाली.

संध्याकाळी बुद्धाच्या फोटोपुढं मेणबत्ती लावून ती पंचशील म्हणायला बसली आणि पहिल्याच शीलाशी अडली. जीवहत्या करणार नाही, हे ती लहानपणापासून म्हणत आली होती. आज तोंडातून शब्द फुटेना.

नवरा रामकिसन गवंडीकामावरून आला, तेव्हा ती म्हणाली, "आपण कोर्टाला सांगू, फाशी नको म्हणून."

"याड लागलं का तुला?"

"सोडा म्हणत न्हाई मी. पण त्यानं हात बांधून मारलं. आता सरकार बी हात बांधूनच मारणार. आपल्या पोरीच्या नावानं."

"तिनं बी गयावया केली आसंल, मालन. त्यानं ऐकलं का?"

रामकिसन भिंतीकडं तोंड करून रडत राहिला. त्यानंतर तो तिच्याशी कामापुरतंच बोलू लागला.

फाशीवर हायकोर्टाचं शिक्कामोर्तब व्हायचं होतं. मालनबाई एकटीच भोकरदनहून बस धरून संभाजीनगरला गेली. सरकारी वकिलानं तिचं शांतपणे ऐकून घेतलं.

"ताई, खटला तुमचा नाही, सरकारचा आहे. फाशी हवी की नको, हे ठरवणं तुमच्या हातात नाही."

"पोरगी तं माझी हाय ना?"

त्यानं समोरची फाईल मिटली. "आरोपीच्या वकिलाला भेटा."

ज्यानं लेक मारली, त्याच्या वकिलापुढं ती जाऊन बसली. त्यानं तिचं म्हणणं कोर्टापुढं ठेवलं.

निकालाच्या दिवशी रामकिसनही आला. कोर्टानं फाशी कायम केली. आईच्या भावनेचा आदर आहे, पण गुन्ह्याचं क्रौर्य त्यानं कमी होत नाही, असं निकालात म्हटलं होतं. बाहेर पत्रकारांनी माईक पुढं केले.

"न्याय मिळाला ना, ताई?"

मालनबाईनं तोंड उघडलं, तोच शेजारून रामकिसन म्हणाला, "मिळाला." रात्री टीव्हीवर तेवढंच दाखवलं.

दुसऱ्या दिवशी उषाबाई नळावर भेटली. बाकीच्या बाया हंडे उचलून निघून गेल्या.

"दिल्लीचं कोर्ट हाय अजून," मालनबाई म्हणाली.

"तिथं तुझं ऐकतील?"

हो म्हणावं, असं मालनबाईला फार वाटलं. पण खोटं बोलवेना. हंडा भरून पाणी वाहत होतं. नळ बंद करायचं दोघींनाही सुचलं नाही.