‘काऊन’ न विचारणारी

“तिले इचारा मावशी, काऊन बोलत नाही ते!” शेषराव बैलगाडीतून उतरता उतरताच म्हणाला.

“‘काऊन’ हा शब्द माह्या ओट्यावर नाही चालत, भाऊ,” गोजरबाई म्हणाली. “तुमी तिकडं निंबाखाली बसा.”

त्याच्यामागून त्याची बायको रुख्मिणी उतरली. दोन महिन्यांपूर्वी तिचा चार वर्षांचा मुलगा तापाने गेला. तेव्हापासून ती ना रडली, ना एक शब्द बोलली. नांदुऱ्याच्या डॉक्टरने मध्यप्रांत-वऱ्हाड सरकारच्या शिक्क्याच्या कागदावर ‘जिभेत दोष नाही’ असे लिहून दिले होते. आता पुढच्या गावच्या भगताकडे नेऊन तिला तापल्या सळईचे डाग द्यायचे ठरले होते. वाटेत धामणगाव बढे लागले, कोणीतरी गोजरबाईचे नाव सांगितले, म्हणून गाडी थांबली एवढेच.

गोजरबाईच्या अंगात कोणी येत नसे. ती अंगारा देत नसे, गंडा बांधत नसे. आलेल्या माणसापुढे ती भुईमुगाच्या शेंगांचे सूप सरकवायची आणि स्वतःही फोडत बसायची. हात गुंतले की तोंड मोकळे होते, एवढेच तिचे शास्त्र. गावातले शहाणे म्हणत, फुकटात शेंगा फोडून घ्यायची बाईने बरी युक्ती काढली. म्हणोत बापडे.

विचारायचे मात्र काही नाही; ‘काऊन’, म्हणजे ‘का’, हे तर नाहीच. बावीस वर्षांपूर्वी तिची धाकटी बहीण अंबू भर उन्हात सासरहून एकटीच आली होती. लेक माहेरी यायची तर कोणी आणायला जावे, कोणी पोचवायला यावे, ही रीत. म्हणून गोजरने दारातच विचारले, “काऊन आली वं एकटी?” कोणीही विचारले असते तसेच. अंबू म्हणाली, “काई नाही, सहज,” आणि उंबऱ्यावरूनच परत फिरली. दुसऱ्या दिवशी तिला विहिरीतून काढले. पुढे कितीतरी माणसे या ओट्यावर मोकळी झाली, पण गोजरबाईच्या जिवाची ती टोचणी काही गेली नाही.

रुख्मिणी शेंगा फोडत होती. गोजरबाई मधूनच शेजारच्या आटलेल्या म्हशीचे काहीबाही सांगे. उत्तर मागत नसे. शेषराव दोनदा उठून आला, दोन्ही वेळा तिने त्याला नुसत्या हाताने मागे फिरवले. तिसऱ्यांदा तो चिडूनच आला. “मावशी, दिवस कलून राह्यला. आमाले निंघा लागते.”

गोजरबाईने आणखी दोन मुठी शेंगा सुपात ओतल्या. आणखी थोडा वेळ तरी मिळायला हवा होता.

“त्यानं पानी मांगलं,” रुख्मिणी सुपाकडे बघतच म्हणाली. दोन महिने न वापरलेला तिचा आवाज फाटका येत होता. “तापात पानी देऊ नये म्हने. दिवसभर मांगे. पदराले धरे माह्या. मी नाही देल्लं.”



“म्याच म्हनलं होतं तसं,” शेषराव हळू म्हणाला. “घागरबी म्याच उचलून बाहीर ठेवली.”

‘तुमचा दोष नाही’ हे शब्द गोजरबाईच्या अगदी ओठांवर आले होते. तिने ते गिळले. या दोघांच्या मध्ये बोलायचा हक्क तिला नव्हता.

रुख्मिणीने नवऱ्याकडे मान वर करून पाहिले. “कुठं ठेवलं त्याले? मले दाखवता?”

लहान मुलाला पुरतात, आणि तिथे बायका जात नाहीत. तरी शेषराव “चाल” म्हणाला आणि गाडी परत आपल्या गावाच्या रस्त्याला लावायला गेला.

“मावशी, तांब्याभर पानी देता?” रुख्मिणीने विचारले.

गोजरबाईने काठोकाठ भरून दिला. सकाळपासून त्या बाईच्या पोटात थेंब गेला नव्हता, पण ती प्याली नाही. गाडीत चढून तिने तांब्या मांडीवर धरला आणि हिसक्याने पाणी सांडू नये म्हणून वरून तळहाताने झाकला.