ओढ्यापलीकडची मेपलची झाडं

वडील गेले तेव्हा मेपलचं बन आम्हा दोघा भावंडांत वाटलं गेलं. ओढ्याच्या अलीकडचं माझं, पलीकडचं धाकट्या रेजानचं. तेव्हाच शेंडे वाळू लागले होते, शरदात व्हायची ती पानं ऐन जुलैतच लाल पडत होती. खोडाला भोक पाडून आम्ही काढतो तो गोड रसही पातळ यायचा, कितीही आटवला तरी पाक धरेना.

वनखात्याची बाई माती तपासून म्हणाली, "इतकी वर्षं आम्लाचा पाऊस पडून मातीतला चुना वाहून गेलाय. चुनखडीची भुकटी टाका. गुण यायला मात्र वेळ लागेल, घाई करू नका."

पानगळ झाल्यावर मी आणि माझा नवरा आर्मां बादल्या भरभरून भुकटी फेकत राहिलो. भुवया पांढऱ्या, खोकून खोकून जीव हैराण. रेजान पलीकडून ओरडला, "ओदिल, त्या बाईनं झाडांना नाही, तुलाच चुना लावलाय!"

त्यानं मक्याचं उरलेलं नत्र खत आपल्या बाजूला टाकलं. पुढच्याच उन्हाळ्यात त्याची झाडं गर्द हिरवी झाली, माझी तशीच किडकिडीत. चर्चच्या पायऱ्यांवर उभा राहून तो माझ्या चुन्याचे किस्से सांगायचा.

मग माझ्या खुब्याचं ऑपरेशन झालं. आर्मां माझ्याजवळ क्वेबेक शहरात. परतले तर रेजान हसतमुखानं दारात उभा.

"तुझ्या झाडांनाही खत टाकून ठेवलंय. आता बघ कशी तरारतात!"

"तुला कुणी सांगितलं होतं?"

"अगं, मदत केली! आभार तर मान."

"आभार?" मी हातातली काठी त्याच्यावर रोखली. "आधीच आम्ल झालेल्या मातीत हे आणखी आम्ल वाढवणारं खत ओतलंस? ही झाडं म्हणजे तुझा मका नाही रे, यंदा कापला आणि पुढच्या वर्षी पुन्हा पेरला! चल, नीघ इथून!"

पुढे एका कडक हिवाळ्यात त्याच्या झाडांच्या साली तडकल्या आणि वसंतात निम्म्या फांद्यांना पालवीच फुटली नाही. माझ्याकडचीही काही गेली, पण चुन्याच्या जोरावर बरीचशी तगली. दिवसभर त्याची करवत ऐकू यायची.

"थंडीनं मारलं," तो गावात सांगू लागला.

ते ऐकून माझं डोकंच फिरलं. थंडी काय वडिलांच्या वेळी नव्हती? खतानं माती आणखी बिघडली, म्हणून झाडांना ती सोसली नाही. त्या शरदात मी आर्मांला घेऊन सरळ ओढा ओलांडला आणि त्याच्या उरलेल्या झाडांखाली चुना टाकायला लागले.

रेजान धावत आला. "माझ्या हद्दीत काय करतेस?"

"तू माझ्या हद्दीत केलंस तेच. न विचारता."

तो तरातरा मागे फिरला. मग कोठारातून एक फावडं घेऊन आला आणि खाली मान घालून भुकटी पसरू लागला. अंधार पडेपर्यंत आम्ही तिघं राबलो.

निघताना म्हणाला, "आत या, वाटाण्याचं सूप गरम आहे."

"तुझं सूप तुलाच लखलाभ," मी म्हणाले.

आर्मां म्हणतो, आता हे भांडण पुरे कर. झाडांपुरतं मी ते मिटवलंय. बापानं जपलेलं बन मरू द्यायचं नाही, म्हणून दर शरदात पलीकडे जाते. पण "चुकलो" एवढा एक शब्द त्याच्या तोंडून निघाल्याशिवाय त्याच्या घराची पायरी मी चढणार नाही.