दोन हालचालींची कडी

मी एक जुने फाटक आहे. बंगल्याचे नाही आणि बागेचेही नाही. माझी उंची मोठ्या माणसाच्या कमरेपर्यंत भरते. जिन्याच्या तोंडाशी उभे राहायचे आणि दुडुदुडु धावणाऱ्या मुलांना खाली जाऊ द्यायचे नाही, एवढेच माझे काम. मित्रांनो, अगदी लहान असताना तुमच्यापैकी कुणी माझ्यासारख्याच एखाद्या फाटकाचे गज धरून भोकाड पसरले असेल. त्याचा राग आता सोडून द्या.

माझा जन्म एका वेल्डरच्या दुकानात झाला. त्याने पोलादी नळ्या जोडून मला बनवले, पण त्याचा सगळा जीव माझ्या कडीत होता. ही कडी नुसती उचलून उघडत नसे, नुसती ढकलूनही उघडत नसे. ती उचलून धरायची आणि त्याच वेळी मला ढकलायचे, अशा दोन हालचाली एकदम कराव्या लागत.

"लहान पोराला एका वेळी एकच गोष्ट सुचते," तो मला न्यायला आलेल्या बाईंना म्हणाला. "म्हणून हे चालतं. पण कडीची ही जीभ झिजली ना ताई, की एकाच हालचालीत उघडेल. अधूनमधून बघत जा."

त्या ताई आपल्या घराच्या वरच्या मजल्यावर पाळणाघर चालवत. मोठी खोली, सतरंज्या, खिडकीपाशी टेबल, आणि खोलीच्या दारात मी. माझ्यामागे सरळ खाली उतरणारा जिना होता, त्याच्या तळाशी रस्त्याचे दार.

ताईंच्या मदतीला एक मावशी होत्या. सकाळी घंटा वाजली की मावशी खाली जात, मूल कडेवर घेऊन वर येत आणि माझ्या डोक्यावरून ताईंच्या हातात देत. मला उघडावेही लागत नसे. जाता-येता त्या माझी कडी एकदा हलवून बघत. हे त्यांना कुणी सांगितले नव्हते. हाताला सवयच होती. ताई आतूनच "बरोबर आहे ना?" विचारत आणि मावशी "घट्ट आहे!" म्हणत. एक मुलगा दिवसभर स्क्रू, चाके, बटणे यांच्याशी झटापट करी. मावशी त्याला इंजिनियरसाहेब म्हणत. "साहेब, आज काय मोडायचं ठरवलंय?" असे विचारले की तो गंभीर चेहऱ्याने माझ्याकडे बोट दाखवी.

मग ताईंनी मावशींचा पगार रीतसर कागदावर आणला. त्यातून दर महिन्याला थोडा कर कापायचा, तो सरकारात भरायचा, दर तीन महिन्यांनी त्याचे विवरणपत्र द्यायचे आणि वर्षाच्या शेवटी मावशींना दाखला द्यायचा. खिडकीपाशचे टेबल कागदांनी भरून गेले.

"ताई, माझ्यापेक्षा माझे कागदच जड झाले की हो," मावशी हसून म्हणाल्या.

"हसू नका, मावशी. एक आकडा चुकला तर सगळं पुन्हा भरावं लागतं."

आणि आकडा चुकलाच. मावशींच्या कर-क्रमांकातले दोन आकडे उलटे पडले होते. त्यांच्या पगारातून कापलेला कर कुणा अनोळखी माणसाच्या नावावर जमा होत राहिला. दुरुस्ती करा, नाहीतर दंड भरा, असे पत्र आले. त्या संध्याकाळी ताईंचे मोठे भाऊ आले होते. त्यांनी पत्र वाचले, चहा संपवला आणि माझ्यावर टिचकी मारून म्हणाले, "एका बाईसाठी एवढी डोकेदुखी कशाला गं? फाटक आहे की! पोरं कुठे जाणारेत?"

"दादा, पण मावशी..."

"मावशींना मिळेल दुसरं काम. तुझं डोकं तरी शांत होईल."

ते शब्द मला आवडले नाहीत. माझी एवढी स्तुती पूर्वी कुणी केली नव्हती, तरीही आवडले नाहीत.

महिनाअखेरीस मावशी गेल्या. जाताना त्यांनी ओल्या फडक्याने मला पुसले आणि कडी हलवून पाहिली. "ताई, हिच्याकडे लक्ष असू द्या. आमच्या साहेबांना रिकामा वेळ फार असतो."

माणूस गेले, कागद मात्र राहिले. मावशींनी जितके महिने काम केले, त्यांचा हिशोब अजून द्यायचाच होता. आता खाली जायलाही ताईच आणि कागद भरायलाही ताईच. घंटा वाजली की त्या मला उघडून पळत. कडेवर मूल, दुसऱ्या हातात त्याची पिशवी, म्हणून परत येताना मला गुडघ्याने ढकलत आणि टाचेने मागे लोटत. प्रत्येक धक्क्याला कडीची जीभ खाचेच्या कडेवर घासे. लोखंडावर लोखंड असे घासते तेव्हा दिसण्यासारखे काही होत नाही. थोडीशी करडी भुकटी पडते, इतकेच. पूर्वी मी बंद झाले की "खट्" असा आवाज येई. तो ऐकून ताई पाठमोऱ्याच निर्धास्त होत. तो आवाज हळूहळू मऊ पडला. कागदांत बुडालेल्या ताईंना ते कळले नाही.

इंजिनियरसाहेबांना कळले. एका दुपारी त्याने कडी नुसती उचलली आणि मी बोटभर सरकले. तो दचकला. मग त्याने मला स्वतःच हळूच मागे लोटले आणि कुणी पाहिले का, म्हणून वळून बघितले. कुणी पाहिले नव्हते.

मधल्या काळात मावशी दाखल्यासाठी येऊ लागल्या. नव्या कामावर तो मागत होते. नाही दिला तर तिथे जास्त कर कापणार होते. त्या खालूनच हाक मारत. "वर येत नाही हो, पोरं मागे लागतील!" ताई माझ्यावरून वाकून सांगत, "दुरुस्ती अजून व्हायचीय, मावशी. पुढच्या आठवड्यात या." चूक आपली आहे, हे सांगायची त्यांना लाज वाटे. मावशींचा आवाज ऐकला की तो मुलगा खेळ टाकून माझ्यापाशी धावत येई, "मावची! मावची!" करत गज हलवी. त्या गेल्यावर कितीतरी वेळ जिन्याकडे बघत बसे.

मग विवरणपत्र भरण्याचा शेवटचा दिवस आला. ताई टेबलाशी, फोन कानाला, पाठ माझ्याकडे. बाकीची मुले झोपली होती. खालचे दार उघडल्याचा आवाज आला.

"ताई, आहात का वर?"

"आलेच, मावशी! एवढं एक पान होऊ द्या!"

तो मुलगा उठला. माझ्यापाशी आला. या वेळी त्याने वळून पाहिले नाही. एका बोटाने कडी उचलली आणि मी उघडले. मित्रांनो, मी घट्ट राहण्याचा प्रयत्न केला असे सांगायला मला आवडले असते. पण लोखंड प्रयत्न करत नाही. ते धरते, नाहीतर सोडते.

उघडले की माझे तोंड भिंतीकडे होते. म्हणून पुढचे मी फक्त ऐकले. पायरीवर पडलेले एक छोटे पाऊल. मग खालून मावशींची किंकाळी, "थांब! राजा, तिथंच थांब!" पिशवी पडल्याचा आवाज. धावत वर येणारी पावले. आणि मग एक धप्प.

 

मग तो रडला. आयुष्यभर मुलांचे रडणे ऐकत आले, पण इतके हवेहवेसे कधी वाटले नव्हते.

त्याची हनुवटी फुटली होती. त्याच्या आणि भिंतीच्या मध्ये मावशींचा हात आला आणि त्यांचे मनगट मोडले. ताई जिन्याच्या तोंडाशी उभ्या होत्या, हातात अजून पेन. मावशी वर बघून म्हणाल्या, "फोन ठेवा, ताई. आधी बाकीच्या पोरांकडे बघा. फाटक उघडं आहे."

तो दाखला दोन दिवसांनी तयार झाला. ताई स्वतः तो मावशींच्या घरी देऊन आल्या. आल्यावर त्यांनी माझे स्क्रू एकेक करून काढले. पाळणाघर बंद झाले.

मला एका जुन्या सामानवाल्याने घेतले आणि निळा रंग फासून विकले. रंगाचा जाड थर माझ्या झिजलेल्या जिभेवरही बसला आहे. मी अगदी नवे दिसते. आता मी दुसऱ्या पाळणाघरात आहे, पुन्हा जिन्याच्या तोंडाशी. इथेही एक मदतनीस काकू आहेत. खिडकीपाशी टेबल आहे. काल त्यावर एक जाडजूड पाकीट आले. ते उघडून इथल्या बाई नवऱ्याला म्हणाल्या, "बाई गं! एका माणसामागे एवढे कागद?" आणि त्यांनी सहज माझ्याकडे पाहिले.

परवापासून एक छोटी मुलगी माझ्यासमोर फतकल मारून बसते. ती गज धरत नाही, रडत नाही. नुसती कडीकडे बघते.

मित्रांनो, तुमच्या धाकट्या भावंडाला आणायला कधी इथे आलात, तर माझ्या रंगावर जाऊ नका. कडी फक्त उचलून बघा. ढकलू नका. तेवढ्यानेच मी सरकले, तर मोठ्याने ओरडा. मला ओरडता येत नाही.