मेनाशेच्या काळजातला बैल

मेनाशेच्या छातीत काहीतरी अखंड धावत होतं. इस्रायलमधल्या किर्यात मलाखीच्या सूतगिरणीत अठ्ठावीस वर्षं उभ्यानं काढलेला माणूस, पण आता दोन जिने चढला की दाराशीच बसकण मारायचा. शेवटी नव्याण्णव साली बायको मल्का त्याला बसनं पेताह तिक्वाच्या इस्पितळात घेऊन गेली.

तिथल्या लिओर नावाच्या तरुण डॉक्टरनं कागदावर काळीज काढून दाखवलं. वरच्या कप्प्यात विजेची लहर एकाच वाटेनं गोल गोल फिरते आहे; जांघेतून तार नेऊन ती वाट डागायची, म्हणजे फिरणं थांबेल. त्याचं हिब्रू लेक सिगाल आईला मराठीत सांगत होती.

"हा तर आमच्या आजाच्या घाण्याचा बैल," मेनाशे बायकोला म्हणाला. "पण तो शनवारी, शब्बाथला तरी उभा राहायचा बिचारा."

मल्काला हसू आलं नाही. तिनं तिथंच एलियाहू हनाबीला, आपल्या संदेष्ट्याला, नवस बोलला, की धनी आपल्या पायांनी जिना चढून घरात आला, तर मलिदा करीन.

वाट डागली. बैल उभा राहिला. पण घरी सोडताना लिओर खुर्ची ओढून जवळ बसला. डावा कप्पा फुगलेला दिसतो, म्हणाला, आणि ईसीजीच्या पट्टीवर मधूनच काही ठोके वेडेवाकडे पडलेत. अशी लक्षणं असलेल्या दहा जणांत चौघांना तरी पुढं दुसरा आजार गाठतो.

"त्या आजारात बैल घाण्याला जुंपलेला नसतो, इमा," सिगालनं आईला समजावलं. "उधळलेला असतो. कप्पा नुसता थरथरतो, रक्त साकळतं आणि गुठळी मेंदूत जाते."

म्हणून रक्त पातळ ठेवायची गोळी सोडायची नाही, बरं वाटलं तरी नाही. लिओरनं मेनाशेचं नाव आपल्या वहीत लिहून घेतलं. कुणाची लक्षणं खरी ठरतात ते तो वर्षानुवर्षं पाहत होता.

मेनाशे जिना चढला. मधल्या पायरीवर मुद्दाम थांबून त्यानं शीळसुद्धा घातली. पुढच्याच आठवड्यात मल्कानं पोहे भिजवले, गूळ-खोबरं कालवलं, पाच फळं मांडली. शेजारपाजार जमला, प्रार्थना झाली, आणि भांडी आवरताना तिच्या ओठांवर आपसूक ओवी आली:

नवसाचं ताट बाई, शिगोशीग भरलं,
धन्याच्या पावलानं, घर माझं तरलं.

दुसऱ्या दिवशी सकाळी तिनं गोळी हातात घेतली आणि तिचा हात अडखळला. माहेरी रेवदंड्याला आई सांगायची, नवस फेडला की मागं वळून बघू नये. हनाबीच्या नावानं मलिदा वाटून झाला, आणि आता वर गोळी द्यायची? म्हणजे त्याच्या तोंडावर सांगायचं, की तुझ्यावर आमचा भरवसा नाही. मेनाशेही रक्त तपासायला कुपात होलीमच्या दवाखान्यात रांगेत उभं राहून कंटाळलेला. नको म्हणालीस तर नको, म्हणाला. गोळ्यांचं पाकीट चादरींच्या खाली गेलं. सिगाल दर शुक्रवारी फोनवर विचारायची, अब्बा गोळी घेतात ना? मल्का म्हणायची, घेतात गं.

अकरा महिने सुखाचे गेले. मग एका सकाळी चहाचा कप मेनाशेच्या हातून निसटला, तोंड वाकडं झालं, आणि मल्काला हाक मारायला गेला तर नुसताच घरघरता आवाज आला.

इस्पितळात लिओर आपली वही घेऊन आला. काळीज उधळलं होतं, त्यानं वर्तवलं होतं तसंच. एवढंच त्याला समजेना, की गोळी चालू असताना गुठळी झाली कशी? सिगाल लगेच हिब्रूत म्हणाली, एक दिवस चुकली नाही, आई स्वतः देते.

लिओर ते लिहायला लागला. मल्कानं त्याच्या पेनाकडं बघितलं. गप्प बसलं तर निभत होतं. पण या वहीवरून तो उद्या दुसऱ्या कुणाला सांगणार, की गोळी घेऊनही असं होतं. मग तो माणूसही गोळी सोडील.

"लिहू नकोस," ती मोडक्या हिब्रूत म्हणाली. "मी बंद केली. मीच."

सिगालनं आईकडं बघितलं. मग ती पर्स उचलून बाहेर गेली. तिच्या चपलांचा आवाज जिन्यापर्यंत ऐकू आला. लिओरनं आधीची ओळ खोडली. काळीज उधळणारच होतं बहुतेक, तो हळू म्हणाला, गुठळीचं मात्र... खोटा धीर द्यायला तो शिकलेला नव्हता.

मेनाशे सगळं ऐकत होता. हिब्रू त्याला तिच्यापेक्षा चांगलं कळायचं. त्यानं सावकाश मान फिरवली आणि तोंड भिंतीकडं केलं. रागानं की थकून, ते मल्काला कळलं नाही. विचारून उत्तर येणार नव्हतं.

ती उठली, खाटेला वळसा घालून भिंतीच्या बाजूला जाऊन बसली. त्यानं डोळे मिटून घेतले होते. चादरीवर त्याचा लुळा उजवा हात पडला होता. तिनं तो उचलून आपल्या मांडीवर घेतला. हात ऊन होता. आपण कुणापाशी आहोत, हे काही त्या हाताला कळत नव्हतं.